बुडणारा नारळ

नारळ कानाशी धरून हलवायचा, आतलं पाणी ऐकायचं आणि मग भाव करायला तोंड उघडायचं. हे मी इतकी वर्षं केलं आहे की झोपेतही माझा हात हलतो, असं घरचे सांगतात. भिवंडीच्या बाजारामागे माझी नारळाची वखार आहे. सुरुवात देवळाबाहेर जमिनीवर पोतं अंथरून केली होती. कुणी बोट धरून आणलं नाही, कुणी उधार दिलं नाही. आता दक्षिणेतून ट्रक येतात. ड्रायव्हर म्हणतो, “सेठ, माल एक नंबर है.” मी हात पोत्याच्या तळाशी घालतो. वरचे नारळ सगळ्यांचेच एक नंबर असतात.

एकदा तळात जुना माल निघाला म्हणून मी अख्खा ट्रक परत पाठवला. ड्रायव्हरला इतकं बोललो की शेजारच्या लूमवरचे कामगार मशीन सोडून बघायला आले. बाजाराला वाटतं, हा माणूस नफ्यासाठी भांडतो. नफ्यासाठीही भांडतोच. पण पाणी आटलेला नारळ कुणी नव्याच्या नावाखाली गळ्यात मारला की माझं डोकं फिरतं, त्याचं कारण बाजारात नाही. ते आमच्या गावच्या खदानीत आहे.

वडप्याच्या अलीकडे हायवे सोडून आत वळलं की आमचं गाव. गावामागे दगडाची जुनी खदान आहे. माझ्या जन्माआधीच ती बंद पडली आणि पाण्याने भरली. आता तिच्या तीन बाजूंना गोडाऊनं उभी आहेत. चौथ्या बाजूला, गावाकडच्या काठावर, शेंदूर लावलेले सात दगड आहेत. त्या आसरा, पाण्यातल्या बाया. खदानीत कुणाचं मूल गेलं तर तेरावं झाल्यावर त्याच्या आईने आसरांना नारळ सोडायचा, ही आमच्या गावची रीत. नारळ बुडाला तर आसरांनी तो घेतला. त्यांचं मन भरलं. तरंगत परत काठाला आला तर त्यांनी तो नाकारला. मग खोट त्या बाईत.

माझी मोठी बहीण कपडे धुवायला गेली आणि त्या खदानीत राहिली. मी तेव्हा नुकता शाळेत जायला लागलो होतो. आईने सोडलेला नारळ मला आठवतो. आमच्या ऐपतीत बसेल असा एक नारळ दुकानदाराने पोत्याच्या तळातून काढून दिला होता. आईने तो पाण्यात सोडला. तो जरा खाली गेला, वर आला, आणि कुंकू लावलेला, शेंडीचे ओले केस पाण्यावर पसरलेला, हळूहळू आमच्याकडे यायला लागला. मी आईचा पदर ओढून म्हणालो, “ताई आली.” आई मागे सरकली. काठावर बायका होत्या. सगळ्यांत पुढे माझी काकी, वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. गावातल्या अशा सगळ्या कार्यांना तिचाच शब्द चाले. ती म्हणाली, “न्हाय घेतला. पोरीला आयशीनंच कायतरी केलं आसंल.”

एवढंच. त्यानंतर आईला कुणी हळदीला बोलावलं नाही. विहिरीवर ती आली की बायका घागरी उचलून घेत. दरवर्षी त्याच दिवशी ती नवा नारळ घेऊन खदानीवर जायची, मला बरोबर न्यायची, आणि दरवर्षी तो नारळ केस पसरून परत यायचा. दुकानदार तिला दरवर्षी पोत्याच्या तळातला म्हणजे जुना, पाणी आटलेलाच द्यायचा, हे मला धंद्यात पडल्यावर कळलं. तोवर आई गेली होती. जाताना तिला खरंच वाटत होतं की तिच्यात खोट आहे.

काकी अजून आहे. लग्नकार्यात भेटली की मी पाया पडतो, आणि दोन दिवस घरात कुणाशी धड बोलत नाही.

गेल्या पावसाळ्यात खदानीने पुन्हा एक पोरगा नेला. शाळा सुटल्यावर पोहायला गेला होता. त्याची आई नात्याने माझ्या चुलत पुतण्याची बायको. हायवेवरच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला जाते, तीन शिफ्टपैकी मिळेल ती करते. एक मुलगी चौथीत, आणि हा तिच्या पाठचा. मी तेराव्याला गेलो. जेवणं चालू असताना काकी तिला म्हणाली, “पोरी, येत्या आयतवारी नारळ सोडायचा. मंग बगू आसरा काय म्हनतान.” ती मान खाली घालून वाढत राहिली. आजूबाजूच्या बायका आत्ताच तिच्याकडे कशा बघत होत्या, ते मी ओळखलं. मी जेवण तसंच टाकून उठलो.

दुसऱ्या दिवशी गावच्या शाळेत गेलो. शाळेतल्या बाई बाहेरच्या, रोज बसने येतात. मी सांगितलं, “मला पोरांना एक तास शिकवायचंय. वस्तू पाण्यात का बुडते आणि का तरंगते.”

बाई म्हणाल्या, “आमच्या पुस्तकात आहे तो धडा.”

“पुस्तकात नारळ नाही.”

“तुम्ही रागावता असं ऐकलंय.”

“ऐकलंय ते खरं आहे.”

“मग अर्धा तास घ्या. आणि आवाज माझ्यापेक्षा मोठा नको.”

मी पाऊण तासावर सौदा केला. आवाजावर मात्र त्या हटल्या नाहीत.

वखारीतून मी निरनिराळे नारळ नेले. पाणी गच्च भरलेले, थोडं पाणी खेळणारे, आटलेले, आणि वरच्या जाड सालासकट एक असोला. ओसरीवर मोठा टब भरून ठेवला. पोरं भोवती बसली. त्या पोराची बहीण मागे भिंतीला टेकून होती.

मी म्हणालो, “जड ते बुडतं, हलकं ते तरंगतं. सोपं आहे.”

पुढचा एक दात पडलेला पोरगा म्हणाला, “मग हा असोला सगळ्यात जड हाय. बुडवा.”

मी असोला टबात टाकला. तो मजेत तरंगला. पोरं हसली. “काका नापास,” कुणीतरी म्हणालं. माझ्या कानशिलाशी रक्त चढलं, पण बाईंशी ठरलं होतं.

बाईंनी एक पातेलं काठोकाठ भरलं, परातीत ठेवलं आणि गच्च भरलेला सोललेला नारळ त्यात हळूच सोडला. पाणी परातीत सांडलं. “बघा,” त्या म्हणाल्या, “नारळाने जागा घेतली, तेवढं पाणी बाहेर गेलं. हे सांडलेलं पाणी तोला आणि नारळ तोला.” तराजू माझाच होता. नारळ पाण्याहून जड भरला, आणि तो पातेल्याच्या तळाशी बसलेला सगळ्यांना दिसत होता. मग थोडं पाणी खेळणारा सोडला. तो शेंडी वर ठेवून तरंगला. पोरांनी तो तळहाताने पुरता दाबून धरला, पाणी सांडू दिलं आणि दोन्ही तोलून बघितलं. या वेळी पाणी जड भरलं.

तेव्हा मला ते माझ्या भाषेत कळलं, आणि मी ते पोरांना सांगितलं. पाणी सौदा करतं. ते म्हणतं, तू माझी जेवढी जागा घेशील तेवढ्या पाण्याचं वजन मी उचलीन. त्याहून जास्त वजन आणलंस तर वरचं तुझं तू बघ, आणि तळाशी जा. असोला जड असतो, पण जागा भरपूर अडवतो आणि त्याच्या सालात हवा असते, म्हणून पाण्याला तो परवडतो. सोललेल्या नारळाचा सौदा आतल्या हवेवर असतो. कानाशी हलवून पाणी खेळल्याचा आवाज आला, तर आत पाण्याबरोबर हवाही आहे. तो तरंगणार. आवाज आला नाही, हाताला जड लागला, तर आत हवेला जागाच नाही. तो बुडणार. आणि जुना, आटलेला तर अर्धा पाण्याच्या वर राहणार. “पाणी कुणाचं तोंड बघत नाही,” मी म्हणालो. “कुणी सोडला तेही बघत नाही.” हे जरा मोठ्याने झालं. बाईंनी माझ्याकडे बघितलं.

पोरं नारळ कानाला लावून आधी सांगायची आणि मग टबात टाकायची. त्यांचं एकदाही चुकलं नाही. पाऊण तास कधीच उलटून गेला होता. मागे भिंतीला टेकलेली मुलगी उठून पुढे आली.

“माझा भाऊ आधी खाली गेला,” ती म्हणाली. “मग दुसऱ्या दिवशी वर आला. तो तर तोच होता ना?”

मी टबाकडे वळलो. तिथे करण्यासारखं काही नव्हतं. बाईंनी मुलीला जवळ घेतलं आणि नेहमीच्या आवाजात सांगितलं, “तोच होता. वजनही जवळजवळ तेवढंच. पण श्वास थांबल्यावर अंगाच्या आत वायू तयार होतो. अंग फुगतं, जास्त जागा घेतं. म्हणून पाणी त्याला उचलतं.”

“म्हणजे त्याला कुणी वर पाठवलं नाही.”

“नाही.”

“आणि खाली कुणी ओढलं नाही.”

“नाही, बाळ.”

मग टबातला एक नारळ काढून तिने कानाशी हलवला, बराच वेळ, आणि परत ठेवला.

मी ठरवलं होतं ते असं. रविवारी काकी, बायका, सगळं गाव काठावर जमेल. मी दोन नारळ नेणार, एक बुडणारा आणि एक तरंगणारा. सोडायच्या आधी पोरांना कानाशी लावायला सांगणार आणि काकीसमोर त्यांच्या तोंडून वदवून घेणार. मग काकीला विचारणार, की आता सांग, माझ्या आईत काय खोट होती. हे बोलणं मी इतकी वर्षं तयार करून ठेवलं होतं की त्यातला शब्द न् शब्द पाठ होता.

शनिवारी दुपारी त्या पोराची आई वखारीत आली. अंगावर गोडाऊनचा निळा कोट होता, गळ्यात ओळखपत्र.

“काका, पोरीने घरी सांगितलं,” ती म्हणाली. “कुठला बुडतो ते तुम्हाला हलवून कळतं.”

“तिलाही कळतं आता.”

“मग मला बुडणारा द्या.”

मी तिला बसवलं आणि रविवारचा बेत सांगितला. ती ऐकत होती, पण तिची नजर पोत्यांवरून फिरत होती, गिऱ्हाइकाची फिरते तशी. माझं झाल्यावर म्हणाली, “आणि सोमवारी?”

“सोमवारी काय?”

“सोमवारी तुम्ही भिवंडीत. मी गावच्या नळावर.”

माझा आवाज चढला. मी म्हणालो, नारळ बुडाला तर ती रीत तशीच राहील. उद्या दुसऱ्या कुणाचा तरंगेल. माझ्या आईला त्यांनी जन्मभर नासकी ठरवली, ती तशीच नासकी राहील. मी आणखीही बरंच बोललो. माझे हमाल बाहेर जाऊन उभे राहिले.

“ओरडा,” ती म्हणाली. “पण लवकर ओरडून घ्या. दुसरी शिफ्ट आहे मला.”

“तुला खरं नको आहे का?”

“मला खरं पोरीकडून कळलं. रात्री तिने मला पातेल्यात वाटी तरंगवून दाखवली.” तिने पदराने तोंड पुसलं. “माझा पोरगा गेला, काका. मला कुणाशी भांडायचं नाही. मला पोरीला घेऊन त्या गल्लीत राहायचंय. तुमच्या आईला कुणी बुडणारा दिला असता तर?”

माझ्यासमोर आजवर हजार गिऱ्हाइकं उभी राहिली. प्रत्येकाला आणखी काहीतरी हवं असतं, आणि तिथेच त्याला पकडता येतं. हिला एकच नारळ हवा होता. पकडायला जागाच नव्हती. मी उठलो, नव्या मालाचं पोतं उसवलं आणि एकेक नारळ कानाशी लावायला लागलो. ज्यातून काहीच ऐकू आलं नाही तो बादलीत टाकला. तो सरळ तळाला गेला. पाण्यात कोपरापर्यंत हात घालून मी तो बाहेर काढला, पुसला आणि तिच्या पिशवीत ठेवला.

ती म्हणाली, “उद्या तुम्ही या. पण बोलू नका.”

रविवारी मी गेलो. काठावर सगळे होते. माझ्याकडून शिकलेली पोरंही होती. काकीला खुर्ची ठेवली होती. पोराच्या आईने नारळाला कुंकू लावलं, पायऱ्या उतरली आणि पाण्यात सोडला. शेंडी एकदा हलली आणि तो गेला. पाणी हिरवं होतं, दोन हातांच्या खाली काही दिसत नव्हतं. कुणी हललं नाही. मी पाण्याकडेच बघत होतो. तो आत्ता येईल, केस पसरून आपल्याकडे येईल, असं मला वाटत राहिलं. बुडणारा आहे हे जगात सगळ्यांत पक्कं मला ठाऊक असूनही वाटत राहिलं.

“घेतला,” काकी म्हणाली. बायकांनी सुस्कारा सोडला. एकीने पुढे होऊन पोराच्या आईचा हात धरून तिला वर घेतलं, दुसरीने तिच्या खांद्यावर पदर सारखा केला. काकीने तिला जवळ बोलावून डोक्यावर हात ठेवला. “बग, तुज्यात कायच खोट नव्हती. आसरांना कलतं.” मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. ती वाईटपणाने बोलली नाही. हवापाण्याचं बोलावं तशी सहज बोलली, “याच्या आयशीचा कदी घेतला न्हाय बग. दरसाल यायची बिचारी.”

माझं पाठ असलेलं बोलणं जिभेवर आलं. एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य काकीपर्यंत जायला पोराच्या आईच्या अंगावरूनच जावं लागलं असतं. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. ती फक्त बायकांमध्ये उभी होती.

दात पडलेला पोरगा म्हणाला, “तो तर गच्च भरलेला...” मुलीने त्याला असा चिमटा काढला की तो कळवळला. “काय रे?” कुणीतरी विचारलं. “मुंगी चावली,” मुलगी म्हणाली.

“खरं आहे, काकी,” मी म्हणालो, तिच्या पाया पडलो आणि गाडीत येऊन बसलो.

पुढच्या आठवड्यात वखारीत एक पोतं हलवताना तळाशी चिकट पाणी दिसलं. आतला एक नारळ नासला होता. नासला की त्यात वायू होतो, तो शेंडीखालच्या डोळ्यातून आतलं पाणी बाहेर थुंकतो आणि नारळ रिकाम्या डब्यासारखा हलका होतो. हे मी कितीदा पाहिलं आहे. त्या दिवशी मात्र तो हातात घेऊन मी उभाच राहिलो. खदानीच्या तळाशीही नारळ नासतोच. तो हलका झाला तर पाणी त्याला सोडून देईल. मग कुंकवाचा डाग असलेला तो एखाद्या सकाळी काठाला येऊन लागेल, आणि बायका म्हणतील, आसरांनी परत पाठवला.

तेव्हापासून मी रोज पहाटे, बायका बाहेर पडायच्या आत, भिवंडीहून गाडी काढून खदानीवर जायला लागलो. घरी सांगितलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. गोडाऊनवरचा वॉचमन ओळखायला लागला. “चाचा, मछली पकडते हो क्या?” त्याने एकदा विचारलं. मी बांबू हातात घेऊन काठाने फिरायचो. जलपर्णीत काही काळं दिसलं की थांबायचो. कधी बाटली असायची, कधी चप्पल. प्रत्येक वेळी बांबूने ती बाजूला लोटून पुढे जायचो. मी कशाची वाट बघतो आहे, ते त्या धुक्यात कधी कधी माझं मलाच नीट कळत नसे.

एका सकाळी तो होता. आसरांच्या दगडांपासून थोड्याच अंतरावर, शेंडी पसरून, अर्धा पाण्याबाहेर. मी बांबूने ओढून घेतला. वास येत होता. कुंकू गेलं होतं. पिशवीत घालून गाडीत मागे ठेवला. वळणावर तो एका बाजूने दुसऱ्या बाजूला गडगडायचा आणि माझी मान आपोआप मागे वळायची. वखारीमागे थोडी मोकळी जागा आहे. हमालांना चहाला पाठवलं, स्वतः कुदळ घेतली आणि तो पुरला.

नंतर शाळेत गेलो होतो. बाईंना तराजू पाहिजे होता, तो कायमचा देऊन टाकायला. मधली सुट्टी होती. मुलगी माझ्याजवळ आली आणि इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाली, “काका, आला का वर?”

तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने हिशोब स्वतःच केला होता. भाऊ वर आला तर नारळही येईल.

खोटं बोलता आलं असतं. ग्राहकाशी बोलतो तसं. पण हिला माल तळासकट दाखवून झाला होता.

“आला,” मी म्हणालो. “मी काढला. कुणी पाहिलं नाही.”

“आता कुठे आहे?”

“वखारीमागे. पुरला.”

“खोल?”

“माझ्या कमरेएवढा खोल.”

तिने माझ्या कमरेकडे बघितलं. तिथून जमिनीपर्यंत नजर नेली. पटल्यासारखी मान हलवली आणि घंटा व्हायच्या आतच वर्गात जाऊन बसली.